पाण्यातील अपमृत्यू आणि आपले कर्तव्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेच्या प्रसंगी बालरोग विभागाच्या वतीने दिलेले व्याख्यान)



वार्षिक सभेत वर्षभरातील कामाचा आढावा घ्यावा, नव्या यंत्रसामग्रीचा उल्लेख करावा आणि दात्यांचे ऋण व्यक्त करावे, अशी आपल्याकडील प्रथा आहे. ते काम कार्यवाहांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. मला मात्र आज अशा एका मृत्यूविषयी बोलावयाचे आहे, ज्याचे बहुतेक बळी कोणत्याही रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांची नोंद पोलीस ठाण्यात ‘आकस्मिक मृत्यू’ म्हणून होते, वृत्तपत्रात चार ओळींची बातमी येते आणि त्या घरापुरता काळोख पसरून विषय संपतो. हा मृत्यू म्हणजे पाण्यात बुडून येणारा मृत्यू.

प्रथम त्याची व्याप्ती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या डिसेंबरमध्ये या विषयावरील जागतिक स्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, म्हणजे दर तासाला तीसहून अधिक. यांपैकी दहांतील नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले आणि जवळजवळ एक चतुर्थांश बळी पाच वर्षांखालील बालके होती. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये ३८ हजारांहून अधिक व्यक्ती बुडून मृत्युमुखी पडल्या. रोजचा हिशोब केला तर ही संख्या शंभरावर जाते. एखाद्या साथीच्या रोगाने दररोज शंभर माणसे दगावली असती, तर देशभर हाहाकार उडाला असता.

याच अहवालात दिलासा देणारी एक गोष्ट आहे. २००० सालानंतर जगातील बुडून होणाऱ्या मृत्यूंचा दर ३८ टक्क्यांनी घटला आहे. याचा अर्थ, हा मृत्यू दैवाधीन नाही. तो टाळता येतो आणि ज्यांनी प्रयत्न केले त्यांनी तो टाळला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी राखून ठेवला. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २०२३ च्या अखेरीस यासंबंधी राष्ट्रीय धोरणात्मक आराखडा प्रसिद्ध केला. कागदावर पुष्कळ काही आले आहे. ते विहिरीच्या काठापर्यंत कसे न्यावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

बुडणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. २००२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे भरलेल्या जागतिक परिषदेत तज्ज्ञांनी त्याची सुटसुटीत व्याख्या केली : द्रवात पूर्ण किंवा अंशतः बुडाल्यामुळे श्वसनात अडथळा येण्याची क्रिया म्हणजे बुडणे. पाण्याखाली गेलेला माणूस प्रथम श्वास रोखून धरतो. तो रोखणे अशक्य झाले की पाणी श्वासनलिकेत शिरते. फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश फुगलेले ठेवणारा जो पातळ थर असतो तो पाण्याने बिघडतो आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. माणूस शुद्ध हरपतो, श्वास थांबतो आणि त्यानंतर हृदय थांबते. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण प्रथमोपचाराचे सारे मर्म त्यात आहे. प्राणवायूवाचून मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच कायमच्या निकामी होऊ लागतात. पुढे रुग्ण आमच्याकडे आला, तर कृत्रिम श्वसनयंत्राने आम्ही फुप्फुसांना आधार देऊ शकतो, संसर्गावर औषधे देऊ शकतो. परंतु गेलेला मेंदू परत आणण्याचे यंत्र जगातील कोणत्याही रुग्णालयात नाही. म्हणूनच या आजाराचा खरा उपचार अतिदक्षता विभागाच्या बाहेर, पाण्याच्या काठावर आहे.

दुसरी गोष्ट. बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा, वाचवा’ असे ओरडतो, हे चित्र आपल्या मनात चित्रपटांनी ठसविले आहे. प्रत्यक्षात बुडणे बहुधा नि:शब्द असते. श्वासासाठीच धडपड चालू असताना ओरडावयाला श्वास कोठून येणार? त्याचे शरीर पाण्यात उभे राहते, मान मागे कलते, तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत राहते आणि हात आपोआप पाणी खाली दाबू लागतात. काठावरच्यांना वाटते, पोरगे खेळत आहे. लहान मूल तर एका मिनिटाच्या आत दिसेनासे होऊ शकते. सबब, पाण्यातले मूल एकाएकी शांत झाले, तर तीच धोक्याची हाक समजावी.

आता हे मृत्यू होतात कोठे? प्रथम घरात. चालू लागलेल्या बालकाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. न्हाणीघरातील बादलीत किंवा पिंपात ते कुतूहलाने वाकते, तोल जाऊन डोक्यावर पडते आणि स्वतःला वर काढण्याचे बळ त्याच्या हातांत नसते. त्यासाठी वीतभर पाणीही पुरते. ज्या गावांत नळाला चार दिवसांनी पाणी येते, तेथे घरोघरी पाणी साठवावेच लागते. त्या घरांना ‘पाणी साठवू नका’ असे सांगणे व्यर्थ आहे. झाकण घट्ट बसवा, त्यावर वजन ठेवा, न्हाणीच्या दाराला बाहेरून उंचावर कडी लावा आणि वापर झाला की बादली पालथी घाला, एवढे मात्र सांगता येते.

घराबाहेर पडले की विहीर आणि शेततळे. आपल्याकडे पुष्कळ जुन्या विहिरींना कठडा नाही. काही तर गवताने इतक्या झाकल्या आहेत की जवळ गेल्यावाचून दिसत नाहीत. शेततळ्यांनी कोरडवाहू शेतकऱ्याला मोठा आधार दिला, हे निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या तळाला व बाजूंना जे प्लॅस्टिकचे अस्तर असते, ज्याला शेतकरी ‘कागद’ म्हणतात, ते ओले व शेवाळलेले झाले की त्यावर पाय ठरत नाही. उतार तीव्र, धरावयाला काही नाही. उत्तम पोहणाराही त्या कागदावरून वर चढू शकत नाही आणि दमून बुडतो. चोहोबाजूंनी तारेचे कुंपण, काठाला पक्क्या खुंट्याला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर आणि जुन्या टायरांची एक शिडी, एवढ्याने तळ्यात पडलेल्याला बाहेर येण्याचा मार्ग मिळतो. तळे खोदण्याच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे धरणाचे जलाशय, नदीचे डोह आणि दगडाच्या खाणी. मे २०२२ मध्ये डोंबिवलीजवळील संदप गावच्या खाणीत एकाच कुटुंबातील पाच जण बुडाले. पाणीटंचाईमुळे कपडे धुण्यासाठी ते तेथे गेले होते. एक जण पाण्यात गेला आणि त्याला वाचविण्यासाठी एकामागून एक बाकीचे उतरले. या घटनेत दोन धडे आहेत. घरात नळाला पाणी असते, तर त्या कुटुंबाला खाणीवर जावेच लागले नसते. म्हणून पाणीपुरवठ्याची योजना ही देखील जीव वाचविणारी योजना आहे. आणि दुसरा धडा असा की, बुडणाऱ्याच्या मागे उडी घेणारे हात जितके मायेचे, तितकेच ते असहाय असतात. त्याविषयी पुढे बोलेन.

समुद्र आणि पावसाळी सहली यांची कथा निराळी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात अचानक वाढलेल्या लोंढ्याने एका कुटुंबातील पाच जणांना वाहून नेले. डोंगरात वर पाऊस कोसळत असेल, तर खाली ऊन असतानाही ओढ्याला क्षणात पूर येतो. गुडघाभर वेगवान पाणीही माणसाला उभे राहू देत नाही. समुद्रात तर लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत आत जाते. तो प्रवाह माणसाला खोल पाण्यात ओढून नेतो. त्यात सापडल्यास प्रवाहाविरुद्ध झुंजू नये. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या बाहेर यावे आणि मग काठाकडे वळावे. गोव्याने २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभी केली. लाल निशाण लावलेल्या ठिकाणी पाण्यात न उतरणे, हा साधा नियम तेथे जाणारे आपले पर्यटक पाळतील, तरी पुष्कळ साधेल.

नौकांविषयी थोडेसे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटकेसाठी निघालेली नाव उलटली आणि अनेक जीव गेले. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी नाव उलटून सहा जण बुडाले. क्षमतेपेक्षा अधिक माणसे न घेणे, आभाळ पाहून नाव सोडणे आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असणे, या तीन गोष्टींना पर्याय नाही. जाकीट नावेच्या कोपऱ्यात रचून ठेवण्यासाठी नसते. नाव उलटल्यावर ते शोधून चढविता येत नाही.

येथे मी एक मुद्दा विशेष आग्रहाने मांडू इच्छितो. एखादे मूल बुडाले की पहिला प्रश्न विचारला जातो, ‘आई कोठे होती?’ या प्रश्नाइतका निष्ठुर प्रश्न नाही. ती आई बहुधा शेतात खुरपत असते, चुलीपाशी असते, धुणे धूत असते किंवा उसाच्या फडात मोळ्या बांधत असते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी साखर कारखान्यांकडे जाणारी ऊसतोड कुटुंबे फडालगत कोप्या घालून राहतात. जवळच पाटाचे पाणी असते, विहीर असते. पाच-सहा वर्षांची बहीण दीड वर्षाच्या भावाला सांभाळत असते. अशा घराला ‘मुलाकडे लक्ष द्या’ असा उपदेश करणे सोपे आहे. वास्तविक लक्ष देणे हा स्वभावाचा भाग नसून व्यवस्थेचा भाग आहे. ज्या घरात सगळ्यांना राबावे लागते, तेथे लक्ष ठेवणारा माणूस समाजाने पुरवावा लागतो. या सभेस उपस्थित असलेल्यांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग घडला असेल, तर त्यांना मी एवढेच सांगेन की, दोष तुमच्या मायेचा नव्हता.

हे केवळ सांत्वनाचे शब्द नाहीत. त्याला पुरावा आहे. नद्या आणि पोखरांच्या बांगलादेशात हजारो बालके दरवर्षी बुडत असत. तेथील संशोधकांच्या लक्षात आले की, सकाळी आई कामात असते त्या वेळेत बहुतेक अपघात घडतात. त्यांनी गावोगाव ‘आंचल’ नावाची पाळणाघरे सुरू केली. गावातलीच एक बाई सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत पाच वर्षांखालील मुलांना सांभाळते. एवढ्या साध्या उपायाने त्या मुलांमधील बुडण्याचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. थोड्या मोठ्या मुलांना गावच्या तळ्यातच पोहणे व सुटकेची साधी कौशल्ये शिकविली, तेव्हा त्यांच्यातील मृत्यू ९० टक्क्यांहून अधिक कमी झाले. आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाडीचे जाळे आहे. तेथील पूर्वप्राथमिक वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतात. सर्वाधिक धोका मात्र नुकत्याच चालू लागलेल्या बालकाला असतो. अंगणवाडीला पाळणाघराची जोड देणे, हा यावरचा मार्ग आहे.

पोहण्याविषयी आपल्या समाजाचे जुने शहाणपण होते. कमरेला भोपळा किंवा हवाबंद डबा बांधून, काठावर वडीलधारे उभे राहून, मुलांना विहिरीत पोहावयास शिकवीत. ‘श्यामची आई’ मध्ये घाबरणाऱ्या श्यामला पोहावयास धाडणारी आई आपणां सर्वांना ठाऊक आहे. प्रेमळ माउलीलाही ते शिक्षण आवश्यक वाटले होते. आज शहरांत पोहणे हा श्रीमंतांचा छंद झाला आणि खेड्यांत विहिरी खोल गेल्या, शिकविणारे पांगले. मुलींना तर बहुतेक ठिकाणी शिकविलेच जात नाही. आणि धुण्याच्या निमित्ताने पाण्याशी सर्वांत अधिक संबंध त्यांचाच येतो. ‘पाण्यात ढकलले की आपोआप पोहता येते’ ही समजूत घातक आहे. तसेच पोहता येणे म्हणजे अभय नव्हे. मद्य घेतलेला माणूस, फेफऱ्याचा रुग्ण आणि अनोळखी पाण्यात सूर मारणारा पट्टीचा पोहणारा, हे तिघेही सारख्याच संकटात असतात. फेफऱ्याच्या रुग्णाने नदी-विहिरीवर एकट्याने कधीही जाऊ नये, हे त्याच्या कुटुंबीयांनी कटाक्षाने पाहावे.

आता बुडणाऱ्याला वाचवावे कसे? ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण आपण उपहासाने वापरतो. पण तिच्यात अक्षरशः तथ्य आहे. बुडणारा जे हाती लागेल त्याला मिठी मारतो. उडी मारणारा त्याच्या मिठीत सापडला, तर दोघेही तळ गाठतात. म्हणून प्रशिक्षण नसलेल्याने पाण्यात उतरू नये. प्रथम मोठ्याने ओरडून माणसे जमवावीत. काठी, बांबू किंवा फांदी पुढे करावी. ते करताना स्वतः पालथे झोपावे, म्हणजे आपण ओढले जात नाही. अंतर अधिक असेल तर दोर, बैलाचा कासरा किंवा एकमेकींना गाठ मारलेल्या साड्या फेकाव्यात. झाकण घट्ट लावलेला रिकामा तेलाचा कॅन किंवा हवा भरलेली ट्यूब माणसाला तरंगत ठेवते. प्रत्येक विहिरीवर दोर आणि कॅन कायम बांधून ठेवलेले असावेत. त्या घटकेला घरी धावून आणावयास वेळ नसतो.

बाहेर काढल्यावर काय करावे? आपल्याकडे पोट दाबणे, उलटे टांगणे, गरगर फिरविणे असे प्रकार केले जातात. मृत देह मिठात पुरून ठेवला तर जिवंत होतो, असे खुळचट संदेशही फिरत असतात. हे सर्व कटाक्षाने टाळावे. पोट दाबल्याने अन्न घशात येऊन श्वासमार्ग बंद होतो आणि मोलाची मिनिटे वाया जातात. मघाशी सांगितलेला क्रम आठवा : श्वास आधी थांबतो, हृदय मागून. म्हणून श्वास देण्यापासून आरंभ करावा. एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुसऱ्याने रुग्णाला कठीण, सपाट जागी उताणे निजवावे, कपाळ मागे व हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत. छाती वर उचलली जाते का ते पाहावे. तरीही हालचाल व श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. ३० दाब, मग २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत सोडू नये. श्वास चालू असून शुद्ध नसेल, तर कुशीवर वळवून ठेवावे. ओले कपडे काढून पांघरूण घालावे. आणि माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात आणावेच. खोकला आणि धाप पुढील काही तासांत वाढू शकते.

विश्वस्त महोदय, या सगळ्यावरून मी तीन विनंत्या करतो. पहिली, आपल्या रुग्णालयाने दर महिन्याला जीवनसंजीवनीचे विनामूल्य प्रशिक्षण द्यावे आणि त्यात शिक्षक, आशा सेविका, अंगणवाडी सेविका, मासेमार व गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते यांना प्रथम बोलवावे. विसर्जनाच्या दिवशी नदीकाठी तेच उभे असतात. दुसरी, रुग्णालयाच्या परिसरातील गावांत उघड्या विहिरी व शेततळी यांची पाहणी करून कठडा, कुंपण, दोर आणि टायर बसविण्यासाठी ट्रस्टने स्वतंत्र निधी उभारावा. तिसरी, प्रसूतीनंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक मातेला लसीकरणाच्या पत्रकाबरोबरच पाण्यापासूनच्या सुरक्षिततेचे एक पत्रक आमच्या परिचारिकांनी समजावून द्यावे.

देणगीदारांना मी जाणीवपूर्वक एक गोष्ट सांगतो. आपण यंत्रासाठी दान देता, त्यावर आपले नाव कोरले जाते, ते योग्यच आहे. विहिरीवरील दोरावर कोणाचे नाव कोरता येणार नाही. त्या दोराने वाचलेले मूल आमच्या नोंदवहीतही येणार नाही, कारण ते कधी रुग्ण होणारच नाही. अहवालाच्या कोष्टकात न दिसणारे हे यश आहे, आणि वैद्य म्हणून मला ते सर्वांत मोलाचे वाटते.

उपस्थित कुटुंबीयांना एकच सांगणे. आज घरी गेल्यावर आपल्या न्हाणीतील बादली पालथी घाला आणि पिंपावर झाकण आहे का ते पाहा. शेतात विहीर असेल, तर येत्या रविवारी तेथे एक दोर बांधा.